पुनर्वसन कोणाचे?

18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन. जुलै 2025 मध्ये साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे महाराष्ट्रातील 11 किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी युनेस्कोच्या यादीत गेले. तेव्हापासून संवर्धन, पुनरुज्जीवन, सुशोभीकरण, कायापालट हे शब्द भाषणांत आणि निविदांत सरसकट एकमेकांच्या जागी येऊ लागले आहेत. ही गोष्ट साधी नाही. या प्रत्येक शब्दाखाली वेगळे काम होते, आणि चुकीच्या शब्दाखाली झालेले काम नंतर दुरुस्त करता येत नाही.

कोकणात याच दिवसांत घर शाकारायला काढत. मिरग लागण्याआधी कौले उतरवायची, फुटकी बाजूला सारायची, धडकी परत चढवायची. भिंतीची डागडुजी, पेवाची लिपाई, देवळाचा जीर्णोद्धार. या जुन्या शब्दांत जे झिजले आहे त्यालाच उभे करायचे, हे गृहीत होते. आज गावोगावी जीर्णोद्धाराची पावती फाडली जाते आणि काळ्या पाषाणावर ऑइल पेंट चढतो, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसतात, दगडी शिखर उतरवून स्लॅब पडतो. वर्गणी देणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. पण त्यात जीर्णाचा उद्धार होत नाही, त्याची रवानगी होते.

याच्या उलट पंढरपूरला 2024 मध्ये झाले. विठ्ठलाचे पदस्पर्श दर्शन मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत बंद ठेवून गाभाऱ्यात वर्षानुवर्षे चढत गेलेले ग्रॅनाइट काढले गेले आणि मूळ दगड दिसू लागला. तिथे संवर्धन म्हणजे काढणे होते. हे समजायला वेळ लागतो, कारण काढलेल्या वस्तूचे उद्घाटन करता येत नाही.

किल्ल्यांवर हेच भान हवे. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्याचे अवशेष आहेत: गोल दगडी चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक. भिजवलेला चुना आणि वाळू त्यात मळून मळून एकजीव करत. हा चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडते. मग पाणी दगडातून वाट काढते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चार पावसाळ्यांत बुरूज आधीपेक्षा वाईट दिसतो. निविदेत ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द असला की कंत्राटदार सिमेंटची पोती चढवतो. त्याला दोष कसा द्यायचा? ‘चुन्यात’ हा एक शब्द आपणच लिहिलेला नसतो.

शहरातल्या ‘पुनर्विकासा’त जुने पाडलेच जाते. तिथे कसोटी वेगळी आहे: माणूस टिकला का? वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये त्याच आवारात 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळ गेली, शेजार राहिला. तिथे हा शब्द खरा ठरला. जिथे भाडेकरू संक्रमण शिबिरातच म्हातारा होतो, तिथे तो खोटा आहे.

सर्वांत जास्त हाल झाले ते ‘पुनर्वसन’ या शब्दाचे. त्यात वसणे आहे: चूल, विहीर, शेत, स्मशान, जत्रा. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्येच केला. देशात तो पहिल्या काही कायद्यांपैकी होता आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. कागदावर पुनर्वसित गावठाणाला 18 नागरी सुविधा असतात. पण ज्यांच्या गावांवर शिवसागर जलाशय उभा आहे, त्या कोयनेच्या धरणग्रस्तांना कायद्याच्याही आधीपासून वाट पाहावी लागली, आणि धरण होऊन अर्धशतक उलटल्यावरही जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. धरणाची वीज तोवर राज्यभर पोचली होती. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कर्ज नाही, गावठाणाला महसुली दर्जा नाही म्हणून ग्रामपंचायत नाही, अशा अवस्थेत तिसरी पिढी तलाठ्याकडे खेटे घालते. अनेक भागांत ‘पुनर्वसन’ हे वस्तीचेच नाव होऊन बसले आहे. मुलगा कुठला, तर पुनर्वसनातला.

आणि हाच शब्द वर्तमानपत्रे, आम्हीसुद्धा, पडलेल्या उमेदवाराला महामंडळ मिळाले की मथळ्यात घालतो. ‘अमुक यांचे राजकीय पुनर्वसन.’ त्या नेत्याचे घर बुडालेले नसते, शेत गेलेले नसते. त्याची नियुक्ती झालेली असते, आणि मराठीत नियुक्तीला नियुक्ती म्हणता येते. या पानांवर आजपासून तसेच छापले जाईल. पुनर्वसन हा शब्द ज्यांचे गाव गेले त्यांच्या बातमीसाठी ठेवला जाईल, आणि त्या बातमीत जमीन किती मिळाली, कुठे मिळाली आणि सातबारा कोणाच्या नावावर झाला, हेही दिले जाईल.