भंगारात भागतं ना त्यांचं?

परवा रविवारी सोसायटीची मीटिंग होती. पार्किंगवरून भांडून सगळे दमल्यावर शेवटचा विषय आला: कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे घरटी वीस रुपयांनी वाढवायचे का? एक काका म्हणाले, "अहो, भंगारातून मिळवतातच की त्या. खरं तर त्यांनीच आपल्याला द्यायला हवेत." सगळे हसले. मीही हसलो.

पण काकांची आयडिया नवीन नाही बरं का. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये हेच चालायचं. रस्ते झाडणं, कचरा उचलणं हे तेव्हा पॅरिशकडे असायचं. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला भाग, आपल्या पेठेसारखा समजा. घरोघरी कोळसा जळायचा, त्यामुळे कचऱ्यात मुख्य माल राखेचा. बारीक राख विटांच्या मातीत मिसळायला आणि अर्धवट जळलेला कोळसा भट्टीला, असा सगळा माल खपायचा. म्हणून कंत्राटदारच पॅरिशला पैसे मोजून कचरा न्यायचे! ढिगाऱ्यावर बायका चाळण्या घेऊन राख, हाडं, चिंध्या वेगळ्या करत बसायच्या. डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मधली इस्टेट अशाच ढिगाऱ्यांची आहे.

पुढे राखेचा भाव पडला आणि कंत्राटदारांचा गल्लीबोळात शिरायचा उत्साहही गेला. मग पॅरिशना उलटे पैसे द्यावे लागले, काहींनी स्वतःच्या गाड्या-घोडे ठेवले. कचरा होता तेवढाच होता.

आता पुण्याचं बघा. इथल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 सालची. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक त्यात आहेत, बहुतेक बायकाच. आपल्यासारख्या सोसायट्यांत दारोदार फिरण्याचा पगार त्यांना पालिका देत नाही. घरोघरचे पैसे आणि भंगार, एवढीच कमाई.

म्हणजे यातला एक भाग बाजारावर टांगलेला. 2008 च्या मंदीत जगभर भंगाराचे भाव कोसळले होते, तेव्हा आपल्या घरचा ओला कचरा काही कमी झाला नव्हता. शिवाय भंगारात जातं काय? पुठ्ठा, रद्दी, बाटल्या. चिप्सची पाकिटं कोणी घेत नाही. डायपर तर आपण कागदात गुंडाळायचेही कष्ट घेत नाही (वर लाल ठिपका काढायचा असतो, माहितीये ना?). ताईंचा जास्त वेळ जातो तो नेमका बिनभावाच्या मालात!

"प्रॉपर्टी टॅक्स भरतो की आम्ही" हा मुद्दा मात्र मला पटतो. पालिकेशी त्यावर जरूर भांडूया. पण ते भांडण मिटेपर्यंत ताईंनी आपल्याला उधारीवर सेवा द्यायची, हे कुठलं लॉजिक? हिंजवडीत आमचा एक तास कोणी फुकट मागितला तर आम्ही मोठ्ठा मेल लिहितो.

विषय पुढच्या मीटिंगवर ढकललाय. तो पार्किंगच्या आधी घ्या, असा मेल मी सेक्रेटरींना टाकलाय. अजून रिप्लाय नाही.