लोणार शिकवताना दाभोशाचा दगड हातात घ्या

शिक्षक मित्रांनो, पालकहो, "उल्केमुळे झालेलं सरोवर" एवढं मुलांनी पाठ केलं की आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. मला हे पटत नाही. आमच्या दाभोसा धबधब्याचा काळा कातळ आणि बुलढाण्यातल्या लोणारचा कातळ एकच, बेसाल्ट! चंद्रावरही बेसाल्ट आहे, म्हणून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर अभ्यासून शास्त्रज्ञ चंद्रावरची विवरं समजून घेतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी रामसर दर्जा मिळाला. पण दर्जाने सांडपाणी थोडंच थांबतं? खारेपणा कमी झाला, तर हे जीव टिकायचे कसे? सहल नेलीत, तर पाण्यात काय मिसळतंय ते मुलांना आधी दाखवा. फोटो नंतर काढू.