पाचशे कमी करा ना!

हँडमेड वस्तूंच्या कुठल्याही एक्झिबिशनला जा. चांदीच्या दागिन्यांच्या स्टॉलवर एक डायलॉग हमखास कानावर पडणार. ‘दहा ग्रॅम तर आहे, मग अडीच हजार कसे? पाचशे कमी करा ना!’ शेजारी हाताने रंगवलेल्या सिल्क स्कार्फच्या स्टॉलवरही तेच. ‘एवढुसा तर कपडा!’ मॉलमध्ये टॅग बघून निमूटपणे कार्ड काढणारे आपण, बनवणारा माणूस समोर दिसला की एकदम तुळशीबाग मोडमध्ये जातो.

तर मंडळी, आज जरा हिशोब करू या.

समजा, १० ग्रॅमचं पेंडंट आहे आणि त्यावर सहा तास काम झालंय. २०२५ च्या सुरुवातीला चांदी किलोला ९० हजारांच्या आसपास होती, म्हणजे पेंडंटमधली चांदी ९०० रुपयांची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाव दीड लाखाच्या पुढे गेला. चांदीच झाली दीड हजाराची. किंमत अडीच हजारच ठेवली, तर कारागिराच्या हातात उरले एक हजार. तासाला १६६ रुपये! त्यातून स्टॉलचं भाडं, गॅस, पॉलिश, डबी. आता तुम्ही पाचशे कमी करायला सांगता. चांदीवाला एक पैसा कमी करत नाही. कमी होते ती घडणावळ, आणि तीही थेट अर्धी.

सहा तास लागतात कशाला? शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून दागिन्यात हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक वेळा तांबं. हेच ते ९२५ स्टर्लिंग. पत्रा केसाएवढ्या पात्याच्या करवतीने कापायचा, हातोडीने आकार द्यायचा. ठोकत गेलं की चांदी कडक होते; तशीच रेटली तर तडकते. मग तापवून पुन्हा मऊ करायची, पुन्हा ठोकायची. असं किती वेळा, ते डिझाइनवर.

खरी परीक्षा डाग देताना, म्हणजे सोल्डरिंगला. टाकणखार लावायचा, जोडावर डागाचा तुकडा ठेवायचा आणि ज्योत फिरवायची. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वात भरभर पसरवते, त्यामुळे नुसता जोड तापवून चालत नाही, अख्खा दागिना तापवावा लागतो. काही सेकंद जास्त झाले की नक्षीचा गोळा! कोल्हापूरजवळच्या हुपरीत पैंजण करणाऱ्यांना विचारा, एकेका कडीचा जोड म्हणजे काय ते.

सिल्कचं गणितही असंच. पातळ, ८ मॉम्मेचा हाबोताई सिल्क घेतला तर ९० बाय ९० सेंटिमीटरचा स्कार्फ जेमतेम २८ ग्रॅम भरतो. तो धुऊन लाकडी फ्रेमवर ताणायचा आणि गुट्टा नावाच्या चिकट द्रवाने आउटलाइन काढायची. ही रेघ म्हणजे रंगाला घातलेला बांध. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी निळा रंग पिवळ्यात शिरलाच, आणि इथे खोडरबर नाही. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले की ते रंग शोषतात आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. रंग पक्का करायला बरेचदा कागदात गुंडाळून तास-दोन तास वाफ द्यावी लागते. शेवटी काठ वळून हाताने शिवायचा. चारही बाजू मिळून तीन मीटर साठ सेंटिमीटर!

गंमत म्हणजे, १९३७ पासून चालत आलेला हर्मेसचा प्रसिद्ध चौकोनी सिल्क स्कार्फ रंगवलेला नसतो, छापलेला असतो. काठ मात्र हातानेच वळलेला. तिथे कुणी म्हणत नाही, ‘एवढुसा कपडा!’

अर्थात, ‘हँडमेड’ची पाटी दिसली की डोळे मिटून पैसे द्या, असं नाही. थोडं बघा, थोडं विचारा.

चांदी : ९२५ चा शिक्का आणि हॉलमार्क बघा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोडही आला, पण हॉलमार्किंग ऐच्छिकच ठेवलं गेलं. म्हणून बिलावर शुद्धता आणि वजन लिहून घ्या. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. त्यातल्या निकेलने काहींच्या त्वचेला खाज सुटते.

सिल्क : काठाचा एखादा सुटा धागा मिळाला तर जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर सिल्क. कडक मणी झाला, तर पॉलिस्टर.

हात : एकाच डिझाइनचे दोन नग शेजारी ठेवा. अगदी डिट्टो असतील, तर साचा किंवा छपाई असायची शक्यता जास्त. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला हाताच्या कामाचे पैसे देऊ नका.

आणि वीकेंडला स्वतःच दागिने किंवा स्कार्फ करून विकायच्या विचारात असाल, तर किमतीच्या कागदावर पहिली ओळ मटेरियलची नको, तासांची लिहा. ऑफिसात एक तास जास्त थांबलो की ओव्हरटाइम आठवतो ना? मग स्वतःच्या हातांना फुकट का राबवायचं?

घासाघीस करायचीच असेल, तर खुशाल करा. फक्त पाचशे कमी करायला सांगण्याआधी एवढंच विचारा, ‘याला किती तास लागले?’ उत्तर ऐकूनही जमलं, तर मागा!