टाकाऊ मळी, खचणारे रस्ते

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून भिलाई म्हटले की पोलाद आणि रेल्वेचे रूळच आठवतात. मात्र भट्टीतून केवळ लोखंड बाहेर पडत नाही. एक टन लोखंडामागे सुमारे ३०० ते ४०० किलो धातुमळी निघते. पोलाद तयार करताना निघणारी मळी निराळी आणि वीजकेंद्राची राख आणखी निराळी. झोतभट्टीच्या मळीची चिंता फारशी नाही. तिचे वाळूसारखे कण करून ते सिमेंटमध्ये वापरले जातात. ढीग साचतात ते उरलेल्या दोहोंचे.

या भागातील काळ्या जमिनीला ‘कन्हार’ म्हणतात. विदर्भातील काळ्या मातीचीच ही सख्खी बहीण! पिकासाठी उदार, रस्त्यासाठी वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता दोन-चार पावसाळ्यांतच खचतो. मग माती उपसून मुरूम भरायचा, म्हणजे कुठली तरी टेकडी पोखरायची! राखेचे ढीग शेजारीच पडलेले असताना हा उद्योग करणे शहाणपणाचे नव्हे.

चुना मिसळला की मातीचे बारीक कण एकमेकांना धरून गोळा होतात, तिचा चिकटपणा व फुगण्याची खोड कमी होते. राखेतील सिलिका चुन्याशी संयोग पावून पुढे सिमेंटसारखी घट्ट होते. दगडी कोळशाच्या राखेत चुना अल्प असल्याने तो वेगळा घालावा लागतो.

मात्र टाकाऊ म्हणजे फुकट आणि फुकट म्हणजे निर्धोक, अशी समजूत करून घेणे घातक ठरेल. पोलादाच्या ताज्या मळीत मोकळा चुना असतो. पाणी लागताच तो फुगतो आणि रस्ताच उचलतो. म्हणून तिला कित्येक महिने उघड्यावर मुरवावे लागते. तिच्यातून झिरपणारे पाणी विहिरींत काय नेते, याची तपासणी रस्ता होण्यापूर्वीच व्हायला हवी. ठेकेदाराच्या शब्दावर ते सोपवता येणार नाही.

२०२२ मध्ये सुरतजवळ हजिरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने, खडीऐवजी प्रक्रिया केलेली पोलादाची मळी वापरून सहापदरी रस्ता झाला. तो अवजड मालमोटारींसाठी होता. भिलाईभोवतीच्या गावांना इतका रुंद रस्ता नको; श्रावणात ट्रॅक्टर रुतणार नाही आणि मुलांच्या सायकली शाळेपर्यंत पोहोचतील, एवढा पुरे. वाहतुकीचा खर्च अंतराबरोबर वाढत असल्याने ही सामग्री जवळच्या जवळच परवडते. आणि कारखान्याची धूळ ज्या गावांनी सोसली, तीच गावे सर्वांत जवळ आहेत.