धंतोलीचें घर आणि आमचें शेत

आमच्या खेड्यांतील बहुतेक वाचकांस नागपूरची धंतोली दोन कारणांनीं ठाऊक आहे. एक कारण आजारपणाचें व दुसरें मोर्च्याचें. घरचा माणूस तालुक्याच्या डॉक्टराच्या हाताबाहेर गेला म्हणजे ‘नागपूरला न्या’ असें सांगण्यांत येतें, आणि गाडी मेडिकलला किंवा मेयोला न जातां पुष्कळदां धंतोलीच्या एखाद्या खासगी दवाखान्याच्या दारांत उभी राहते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत कापसाच्या भावासाठीं आमचे लोक ज्या यशवंत स्टेडियमपाशीं जमतात, तेंही धंतोलींतच. म्हणजे धंतोलीची वाट आम्हीं दुःखानें ओळखली आहे. तेथें राहावयास जाण्याची गोष्ट मात्र आमच्यापैकीं फारसें कोणी मनांतही आणीत नाहीं. असें कां व्हावें, याचा आज थोडा हिशेब मांडावा असें आम्हांस वाटतें.

सीताबर्डीला लागून, वर्धा रोडच्या कडेला ही वस्ती आहे. नागपूर हें १९५६ सालापर्यंत प्रांताच्या राजधानीचें शहर होतें. त्या काळीं वकील, अंमलदार, शिक्षक अशा शिकलेल्या मंडळींनीं येथें अंगणाचीं व झाडांचीं घरें बांधलीं. रामकृष्ण मठ येथें १९२८ पासून आहे. वस्ती शांत, रस्ते त्या वेळच्या टांग्या-सायकलींना पुरेसे. पुढें घरांचे मालक म्हातारे झाले, मुलें पुण्यास व परदेशीं गेलीं, वारसांत वांटण्या झाल्या, आणि एकेक बंगला पाडून तेथें मजल्यांवर मजले चढले. कांहीं मजल्यांवर कुटुंबें आलीं. पुष्कळ ठिकाणीं दवाखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा व औषधांचीं दुकानें आलीं.

आतां भावाकडे वळूं. धंतोलींत सदनिकेचा भाव इमारतीगणिक निराळा असतो. केवळ हिशेबापुरता चौरस फुटास १०,००० रुपये धरूं. केंद्र सरकारनें २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरविला. म्हणजे एक क्विंटल कापूस घालून धंतोलींत एक चौरस फूट जागाही येत नाहीं! पांच एकर कोरडवाहूच्या धन्यानें एकरीं सहा क्विंटल पिकविले आणि हमीभाव पुरा मिळाला, तर वर्षाचे २,४३,३०० रुपये होतात. त्यांतून बियाणें, खत, फवारणी व वेचाईचा एक पैसाही वजा न करतां आणि घरांत चूल न पेटवितां त्यानें सर्व रक्कम सांठविली, तर हजार चौरस फुटांच्या एक कोटीच्या घरास त्याला ४१ वर्षें लागतील. तोंवर भाव जागेवर थांबला पाहिजे, हें निराळेंच.

हा भाव कशाचा? विटांचा म्हणाल तर तो नव्हे. सिमेंटची गोणी व लोखंडाची सळई काटोलला आणि धंतोलीला जवळपास सारख्याच किमतीला मिळते. गवंड्याची मजुरीही दहापट होत नाहीं. फरक आहे तो जमिनीचा. आणि जमिनीस हा भाव कोणी आणला? घरमालकानें तर मातींत एक कणही जास्त घातला नाहीं. भाव आणला तो रस्त्यानें, नळानें, रेल्वेनें, एस.टी.नें आणि २०१९ पासून धांवूं लागलेल्या मेट्रोनें. हीं सारीं कामें सरकारी तिजोरींतून, म्हणजे सर्वांच्या पैशांतून झालीं. त्याहूनही मोठा हातभार रोज चोहोंकडून येणाऱ्या रोग्यांचा आहे.

हें कसें तें पाहा. धंतोलींत एखादी जागा विकावयास निघाली कीं, तिला दोन गिऱ्हाइकें येतात. एक पगारावर जगणारें कुटुंब व दुसरा दवाखाना काढणारा. कुटुंब आपल्या पगाराकडे पाहून भाव बोलतें. दवाखानेवाला उद्यां येणाऱ्या रोग्यांकडे पाहून बोलतो. अर्थात् जागा दुसऱ्यास मिळते, आणि शेजारच्या घराचा भावही त्याच मापानें मोजला जातो. पण दवाखानेवाला ते पैसे आपल्या खिशांतून देत नाहीं. जागेची किंमत, तिच्या कर्जाचें व्याज, भाडें, हें सर्व खाटेच्या रोजच्या आकारांत मिसळलेलें असतें. म्हणून वाचकहो, नीट ध्यानांत घ्या: धंतोलींत घर न घेतांही धंतोलीच्या जागेचा भाव आपण भरतच आहों. तो दवाखान्याच्या पावतींत असतो. फक्त तेथें त्याचें नांव लिहिलेलें नसतें.

बरें, इतका भाव भरून आमच्या माणसांस तेथें काय मिळतें? रोगी आंत खाटेवर आणि त्याची बायको बाहेर पदपथावर. हातांत थर्मास, उशाशीं पिशवी, पिशवींत गांवाहून आणलेल्या भाकरी. सकाळीं टपरीवर चहा, फार तर तर्री-पोहे. आंघोळीची सोय नाहीं. जी आया रोग्याची घाण काढते, जी बाई घरोघरीं भांडीं घांसते, जो पोरगा जिना पुसतो, ते सगळे रात्रीं दूरच्या वस्तींत परत जातात. वस्ती चालविणारे हात वस्तींत राहूं शकत नाहींत.

जे तेथें राहतात तेही सुखी आहेत असें नाहीं. रस्ते तेवढेच राहिले, गाड्या मात्र शतपट झाल्या. दवाखान्यांनीं गाड्या ठेवण्यास पुरेशी जागा न सोडल्यामुळें त्या लोकांच्या फाटकापुढें उभ्या राहतात. हा त्रास असह्य होऊन येथील नागरिकांच्या मंडळाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें जनहित याचिका न्यावी लागली. ज्या म्हाताऱ्याच्या घराची किंमत कोट्यवधि झाली, त्यालाच घरांतून बाहेर पडावयास वाट नाहीं, असा हा मामला आहे.

नागपूरच्या कारागिरांस हा खेळ नवा नाहीं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली आणि सव्वाशें वर्षें शहराच्या पोटाला लागली. २००२ सालीं ती बंद पडली. यंत्रें गेलीं, कामगार घरीं बसले. पण जमिनीचा भाव मेला नाहीं. त्या जमिनीवर बाजारसंकुल उभें राहिलें. भाव ज्यांच्या घामानें वाढला, त्यांच्या वांट्यास तो आला नाहीं.

यावरून कोणी म्हणेल, ‘तर मग आपणही शेत विकून शहरांत घर घ्यावें.’ आमच्या बांधवांस आमचें सांगणें आहे कीं, असा घाईचा सौदा करूं नका. मिहानमध्यें व समृद्धि महामार्गांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातांत एकदम पैसा आला, आणि असा पैसा आला कीं दारांत दलाल उभा राहतोच. धंतोली परवडत नाहीं म्हणून तो शहराच्या कडेचा प्लॉट दाखवितो. तेथें अकृषक परवाना नसतो, आर.एल. झालेलें नसतें, नाली नसते. कागद म्हणून हातांत एक पावती पडते. म्हणून आधीं आखीव पत्रिका अगर सातबारा मागा, सूची क्रमांक दोन काढून पाहा. सदनिका असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक व भोगवटा प्रमाणपत्र विचारा. २०१६ च्या कायद्याप्रमाणें करारनामा नोंदविल्याखेरीज बांधणाऱ्यास एकूण किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेतां येत नाहीं. अर्धे पैसे रोखीनें मागणाऱ्याच्या ओट्यावरही बसूं नका. मुलास शिकावयास खोली भाड्यानें घ्याल तर करार लेखी व नोंदलेला असूं द्या. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

पण केवळ सावध राहून भागणार नाहीं. आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, नव्या दवाखान्यास परवाना देतांना जशी गाड्यांची जागा मोजतात, तशीच रोग्याच्या सोबत्यांच्या निवाऱ्याची जागाही मोजावी. ती नसेल तर परवाना देऊं नये. दुसरी, सार्वजनिक खर्चानें जागेचा जो भाव वाढतो, त्यांतून महापालिकेनें कष्टकऱ्यांसाठीं कामाच्या ठिकाणाजवळ भाड्याचीं स्वस्त घरें बांधावीं. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, जिल्ह्याचीं व तालुक्याचीं सरकारी रुग्णालयें अशीं चालावींत कीं, साध्या शस्त्रक्रियेसाठीं कोणास धंतोली गांठावी लागूं नये. रोग्यांची ही रांग कमी झाली, म्हणजे तेथील जागेचा ताठाही कमी होईल आणि तेथील रहिवाशांसही मोकळा श्वास घेतां येईल.

सरकार करील तेव्हां करो. आपल्या वडीलधाऱ्यांनीं सरकारची वाट पाहिली नव्हती. शहरांत डोकें टेकावयास जागा मिळाल्याखेरीज खेड्याचा मुलगा शिकणार नाहीं, हें ओळखून शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, आणि पुढें जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. आमच्या अमरावती जिल्ह्यांतल्या गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेऊन पंढरपूर, नाशिक येथें धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठीं मात्र एक खोलीही बांधली नाहीं. मुंबईस दादरला त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत आजही टाटा रुग्णालयाचे कर्करोगी व त्यांचे सोबती उतरतात.

मग धंतोलीच्या आसपास, नाहीं तर मेट्रोनें जेथून चटकन् येतां येईल तेथें, विदर्भाच्या प्रत्येक तालुक्याच्या नांवानें दोन-दोन खोल्या कां असूं नयेत? बाजार समित्या, सहकारी सोसायट्या, कारागिरांचीं मंडळें यांनीं मनावर घेतलें तर हें अवघड नाहीं. लग्नांतला एक बँड कमी करा, एका वाढदिवसाचा फलक लावूं नका. त्या पैशांत एका खोलीच्या भिंती उठतील. ज्यांनीं एका शहराच्या मातीला सोन्याचा भाव आणला, त्यांच्या घरच्या बाईला त्याच शहरांत रात्रीं दाराला कडी लावून झोपतां येऊं नये, ही लाज धंतोलीची नव्हे. ती आपली आहे. येत्या मोर्च्याला यशवंत स्टेडियमवर जमाल, तेव्हां घोषणा देण्यापूर्वीं शेजारच्या गल्लींतून एक फेरी मारून या, आणि पदपथावर बसलेल्या बाईला विचारा, ‘बाई, गांव कोणतें?’ कदाचित् ती तुमच्याच गांवचें नांव सांगेल.