उष्णोदकाचे झरे : आधी खडक पाहावा, मग रुग्ण पाठवावा

हिवाळा सुरू झाला की आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येतो : "वैद्यराज, गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन येऊ का?" संधिवाताचा रुग्ण विचारतो, त्वचाविकाराचा विचारतो, आणि आपणही बहुधा "जाऊन या, गंधकाचे पाणी आहे, गुण येईल" असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर वैद्याला शोभणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भूमीच्या भेदानुसार जलाचे गुण बदलतात, हे सुश्रुताचार्यांनी द्रवद्रव्यविधी अध्यायात सांगून ठेवले आहे. झऱ्याकाठचा खडक याची साक्ष देतो. तुर्कस्तानातील पामुक्काले येथे चुनखडीतून येणारे सुमारे ३५ अंश सेल्सिअसचे पाणी उघड्यावर येताच त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट साचून डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र कुंडांच्या पायऱ्या तयार होतात. लडाखच्या पुगा खोऱ्यात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, झऱ्यांच्या परिसरात पांढरा टंकण व पिवळा गंधक साचलेला आढळतो. रसशास्त्राच्या पाठात वाचलेली ही द्रव्ये तेथे प्रत्यक्ष भूमीवर पाहावयास मिळतात.

आता आपले कोकण पाहा. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी ही झऱ्यांची रांग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात आहे. येथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, भूगर्भातील उष्णतेने तापते व वर येते. त्यात प्रामुख्याने सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचे क्षार आढळतात. पामुक्कालेसारख्या शुभ्र पायऱ्या येथे दिसत नाहीत. काही ठिकाणी येणारा उग्र वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. केवळ वासावरून त्या पाण्याला 'गंधकाचे पाणी' म्हणणे म्हणजे परीक्षणाविना द्रव्याचे नाव ठरविणे होय.

उष्णतेचेही तसेच आहे. उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंशांचे, तर उन्हेरे येथील त्याहून बरेच सौम्य. दोन्हींसाठी एकच सल्ला कसा चालेल? अवगाहन हा चरकोक्त तेरा स्वेदांपैकी एक. स्वेदास अयोग्य व्यक्तींत चरकाचार्यांनी गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी यांच्यासह मधुमेहीही गणला आहे. पावलांची संवेदना मंदावलेल्या मधुमेह्यास पाणी पोळते आहे हे कळतच नाही. फोड आल्यावर कळते आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. वाग्भटांनी उष्ण जल अधःकायास बल्य, परंतु शिरावर घेतल्यास केश व नेत्र यांना अहितकर सांगितले आहे. हा साधा नियमही आपण रुग्णास आवर्जून सांगतो काय?

औषधनिर्मात्यांनाही आमचे सांगणे आहे. टंकण फुलविल्याशिवाय आणि गंधक शोधनाशिवाय आपण पोटात देत नाही. मग कुंडातील पाणी ओंजळीने पिण्यास मूक संमती का द्यावी? कुंडाचे नाव वेष्टनावर छापून साबण वा क्षार विकावयाचा असेल, तर त्या पाण्याचे पृथक्करण आधी हाती असावे.

आम्ही झऱ्यांच्या विरोधात नाही. योग्य रुग्णास, योग्य उष्णतेच्या पाण्यात, मोजका काळ दिलेले अवगाहन वातव्याधीत सुखावह ठरते, हे कोण नाकारील? आमची सूचना इतकीच की, प्रत्येक वैद्याने आपल्या जवळच्या झऱ्यास एकदा स्वतः भेट द्यावी. सोबत तापमापक न्यावा, काठचा खडक व त्यावरील साका पाहावा, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. जिल्हा शाखांनी ही माहिती ऋतुपरत्वे नोंदवून ठेवावी.

वनस्पती ओळखण्यासाठी आपण रानात जातो. झऱ्याचे पाणीही औषध म्हणून सुचवावयाचे असेल, तर त्याच्या उगमापर्यंत जाण्याचा आळस आपणास परवडणारा नाही.