संहिता नव्या, सवयी जुन्या

पुण्याच्या नारायण पेठेला ज्यांचे नाव मिळाले, त्या नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात भरदुपारी खून झाला. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. मारेकरी गारदी होते. पण कटाचा धागा थेट चुलत्यापर्यंत, म्हणजे नव्याने मसनदीवर बसलेल्या राघोबादादापर्यंत पोहोचत होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि सत्ताधीशाच्या तोंडावर त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात सांगितली जाते. राजा कायद्याच्या वर नाही आणि न्यायासनावर बसलेल्याने राजाचे तोंड पाहून निवाडा द्यायचा नाही, हा संस्कार तिने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे.

याच पेठेत पुढे गायकवाड वाड्यातून, म्हणजे आजच्या केसरीवाड्यातून, लोकमान्यांनी ‘केसरी’ चालवला. तेथे न्यायाचे दुसरे, विपरीत रूप पाहायला मिळाले. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या १९०८ च्या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. २४ जूनला अटक झाली आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली गेली. सारे काम एका महिन्याच्या आत उरकले! नऊ ज्यूरर्सपैकी सात युरोपियन होते. ज्या मराठी लेखांवरून खटला उभा राहिला, ते त्यांना भाषांतरातूनच कळत होते. परक्या सरकारचे सिंहासन हलू लागले की त्याची न्याययंत्रणा विजेच्या वेगाने धावत असे. सामान्य रयतेच्या फिर्यादीसाठी मात्र तिला कधीच घाई नव्हती.

या दोन प्रसंगांत आजच्या फौजदारी न्यायव्यवस्थेपुढचा प्रश्न सामावलेला आहे. केवळ वेग म्हणजे न्याय नव्हे, हे १९०८ ने दाखवले. पण वेगाच्या नावाने पाटी कोरी असणे, हाही न्याय नव्हे. सत्याचा शोध निर्भयपणे व्हावा आणि तो माणसाच्या आयुष्यात उपयोगी पडेल इतक्या वेळेत पुरा व्हावा, या दोन्ही कसोट्यांना उतरतो तोच न्याय.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. मेकॉलेच्या मसुद्यातून जन्मलेली १८६० ची दंड संहिता इतिहासजमा झाली. टिळकांना ज्या कलमाखाली मंडालेला धाडले, ते १२४ अ कलमही तिच्याबरोबर गेले. त्याऐवजी आलेले कलम १५२ सरकारविषयीच्या अप्रीतीबद्दल बोलत नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल बोलते. राज्यकर्ता आणि राष्ट्र यांतील हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो ठाण्यातील अंमलदारापर्यंत पोहोचला तरच त्याला अर्थ राहील. न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ मध्येच फौजदारी न्यायाचा मूलमंत्र सत्यशोधन असावा, असे सांगितले होते. त्यानंतर वीस वर्षांनी संसदेने पाऊल उचलले, याचे स्वागतच करायला हवे. पण कायद्याचे पुस्तक बदलले म्हणजे कारभार बदलला, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. तो का, हे सांगायला पुण्यातीलच एक खटला पुरेसा आहे.

१ नोव्हेंबर २००७ च्या रात्री कामावर निघालेल्या एका तरुण बीपीओ कर्मचारी मुलीला कंपनीने नेमलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजे परिसरात नेले, तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा निर्घृण खून केला. आयटी उद्योगाच्या भरभराटीचे ते दिवस होते. लेकी-सुना रात्रपाळीला जाऊ लागल्या होत्या आणि त्यांचे आईवडील कंपनीच्या गाडीवर विश्वास ठेवून झोपी जात होते. त्या विश्वासालाच सुरी लागली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे तिन्ही पायऱ्यांवर न्यायाधीशांचे एकमत झाले. पुरावा भक्कम होता आणि दोषाविषयी शंका उरली नव्हती.

आणि नेमका येथूनच खटला घसरणीला लागला. राज्यपालांनी मार्च २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर उरले होते ते फक्त फाशीचे वॉरंट. ते निघायला एप्रिल २०१९ उजाडले! कारागृह, गृहखाते आणि सत्र न्यायालय यांच्यात कागद फिरत राहिले. अखेर २४ जून २०१९ हा दिवस ठरला. पण तोपर्यंत दोषी उच्च न्यायालयात पोहोचले होते. अंमलबजावणीतील अवाजवी विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच दिलेला होता. त्या आधारे जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर ३५ वर्षांच्या कारावासात केले. राज्य सरकार अपिलात गेले आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरले.

येथे न्यायालयाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. मृत्यूच्या छायेत माणसाला वर्षानुवर्षे टांगून ठेवणे अमानुष आहे, हे तत्त्व कोणत्याही सुसंस्कृत समाजाने मान्य करावे असेच आहे. फाशी असावी की नसावी, हा वादही येथे गौण आहे. शिक्षा कोणतीही असो, ती ज्या यंत्रणेने अमलात आणायची, तिच्या टेबलावर ती अडकून पडली, हे खरे दुखणे आहे. खून सिद्ध झाला, दोष सिद्ध झाला, दया नाकारली गेली आणि शेवटी एका कागदाच्या दिरंगाईने तीन न्यायालयांचा निकाल फिरवला. या दिरंगाईची किंमत कोणत्या अधिकाऱ्याने मोजली? ती मोजली मुलगी गमावलेल्या घराने.

पुणेकरांना याच शहरातील दुसरा काळही आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात घडलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा जणांचे बळी गेले आणि संध्याकाळनंतर पुण्याचे रस्ते ओस पडू लागले. तेव्हा ना मोबाईलचे टॉवर होते, ना डीएनए चाचणी, ना चौकाचौकांत कॅमेरे. तरीही शेवटच्या खुनानंतर साधारण दीड वर्षात, सप्टेंबर १९७८ मध्ये, सत्र न्यायालयाचा निकाल लागला. साधने तुटपुंजी असताना जे जमले, ते साधने शतपटीने वाढल्यावर का जमू नये? याचे उत्तर केवळ तंत्रज्ञानात सापडणार नाही. ते जबाबदारीच्या जाणिवेत शोधावे लागेल.

विलंबाची झळ केवळ फिर्यादीलाच लागते असे नाही. २०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक जणांचा दोष अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांत अट्टल गुन्हेगार असतील, तसे जामिनाची रक्कम भरता न आल्याने खितपत पडलेले गोरगरीबही असतील. पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. अर्थात फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. ही तरतूद कागदावर राहू नये, हे पाहणे तुरुंग अधीक्षकांचे काम आहे. तो अर्ज वेळेवर गेला नाही तर त्याचाही जाब कोणाला तरी विचारला पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राने आणखी विदारक चित्र पाहिले. २१ जुलैला उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांची शिक्षा रद्द केली; त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत दिला जाऊ नये, एवढी स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने नंतर दिली. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. मालेगाव खटल्यात ‘भगव्या दहशतवादा’चा डांगोरा पिटला गेला, काहींनी वर्षानुवर्षे कारावास भोगला आणि अखेर पुराव्याच्या कसोटीवर आरोप टिकले नाहीत. त्याचा आनंद व्यक्त होणे स्वाभाविक होते. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले तर वेगळाच प्रश्न समोर येतो. लोकलमध्ये दीडशेहून अधिक माणसे मेली, मालेगावात सहा जण मेले. एकोणीस आणि सतरा वर्षांनंतरही त्यांच्या घरांना मारेकरी कोण, याचे न्यायालयात टिकणारे उत्तर मिळालेले नाही. तपास आधी निष्कर्ष ठरवून झाला किंवा ढिसाळ झाला, की निरपराध भरडला जातो आणि अपराधी मोकळा फिरतो. हे दोन्ही अन्याय एकाच वेळी घडतात, हे ध्यानात घ्यायला हवे.

म्हणून सुधारणेचे पहिले उद्दिष्ट असले पाहिजे ते तपासाचे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणे आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे, या नव्या कायद्याच्या तरतुदी मूलगामी आहेत. पहिल्या काही तासांत पुरावा हातचा गेला तर पुढे निष्णात वकीलही काही करू शकत नाही. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. दोष ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. पण पुराव्याची साखळी किती नाजूक असते, हे त्या आरोपानेच जनतेला कळून चुकले. प्रयोगशाळा वाढवल्या, तज्ज्ञ नेमले, मुद्देमालाची साठवण सुधारली, तरच या तरतुदींना बळ येईल. तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात बजावले होते. सकाळी मंत्र्यांच्या बंदोबस्ताला आणि रात्री गणपती मिरवणुकीला उभा राहणारा अधिकारी खुनाचा तपास कधी करणार?

दुसरे उद्दिष्ट न्यायालयांचे. देशात पाच कोटींच्या आसपास खटले तुंबले आहेत. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितले. आजही ती संख्या त्याच्या निम्म्यावर पोहोचलेली नाही. नव्या संहितेने आरोपनिश्चितीला साठ दिवसांची, युक्तिवाद संपल्यावर निकालाला तीस ते पंचेचाळीस दिवसांची मुदत घातली आणि तहकुबीवर दोनची मर्यादा आणली. पण माणूसबळ न देता केवळ मुदती घातल्या तर त्या मोडण्यासाठीच असतात. दयेच्या अर्जाबाबतही कलम ४७२ ने केंद्राला शिफारशीसाठी साठ दिवस दिले. राज्याने अभिप्राय किती दिवसांत पाठवायचा, याची मुदत मात्र घातलेली नाही. गहुंजे प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापण्याचा आदेश दिला. तो कक्ष नावापुरता न राहता त्यातील प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवला गेला पाहिजे.

तिसरे उद्दिष्ट समाजाचे, आणि तेच सर्वांत जवळचे. पंचनाम्यासाठी पोलिसाने हाक मारली की सुशिक्षित गृहस्थ खिडकी लावून घेतो. अपघात पाहिलेला तरुण नाव सांगायला कचरतो. साक्षीदाराला कोर्टाच्या ओट्यावर दिवस दिवस ताटकळावे लागते, धमक्या येतात, मग तो फितूर होतो. साक्षीदार संरक्षण योजना आखणे राज्यांना आता बंधनकारक झाले आहे. ती जोमाने राबवायला हवीच. पण कायद्याने धीर दिला तरी पाऊल माणसानेच उचलायचे असते. नागरिक कर्तव्याची भाषा करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत पंच व्हायला पुढे यावे, साक्षीला जाणाऱ्या शेजाऱ्यासोबत न्यायालयापर्यंत जावे, जामिनावाचून अडकलेल्या गरीब कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. यात मिरवण्यासारखे काही नाही. पण न्यायाचा गाडा अशाच खांद्यांवर चालतो.

एफआयआर नोंदल्यापासून तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा न्याय मिळेल, असे आश्वासन केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी नव्या कायद्यांच्या संदर्भात दिले आहे. तोच हिशेब धरला तर नव्या संहितेखाली पहिल्या दिवशी नोंदलेल्या गुन्ह्याची मुदत १ जुलै २०२७ ला भरते. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा हिशेब मागायचा नाही, असे होता कामा नये. उलट आपुलकीच्या माणसाने तो अधिक आग्रहाने मागितला पाहिजे. सत्ताधीश आपलाच धनी असतानाही रामशास्त्री निवाडा देताना थांबले नाहीत. ज्या शहराने त्यांचे नाव अडीचशे वर्षे अभिमानाने घेतले, त्या शहराने निदान हिशेब मागताना तरी थांबू नये.